पोहोच आणि पोच : दारव्ह्यातून वाचलेले रेडिओचे हिशेब

'पोहोच' या मराठी शब्दाचे दोन अर्थ आहेत. हात, आवाज किंवा वशिला जिथवर जातो ती पोहोच. पाठवलेली वस्तू मिळाली, असे घेणाऱ्याने लिहून दिले की तीही पोहोच. बोलण्यात आपण तिला पोच म्हणतो. तहसील कचेरीत अर्ज देणारा माणूस दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याखेरीज खिडकी सोडत नाही, कारण या दोन अर्थांतले अंतर त्याला अनुभवाने ठाऊक असते. भारतात १९२७ साली मुंबईहून नियमित प्रसारण सुरू झाले, तेव्हापासून रेडिओच्या हिशेबात मात्र पहिलाच अर्थ चालत आला आहे. हा हिशेब तीन प्रकारच्या कागदांत सापडतो : सिग्नलचा नकाशा, श्रोत्यांचा आकडा आणि केंद्राचे नाव. हे तिन्ही कागद दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावी बसून वाचले, तर त्यांतले काय टिकते, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

नकाशापासून सुरुवात करू. देशाचा सुमारे ९२ टक्के भूभाग आणि ९९.१९ टक्के लोकसंख्या आपल्या प्रसारणाच्या कक्षेत असल्याचे आकाशवाणी वर्षानुवर्षे सांगत आली आहे. यातला '.१९' मला फार बोलका वाटतो. शंभर कोटींहून अधिक माणसांच्या देशात टक्क्याचा शंभरावा भाग मोजणारा आकडा वाचला की, कोणीतरी घरोघर जाऊन खुंटी पिरगाळून आले असावे असा भास होतो. प्रत्यक्षात हा आकडा नकाशावरच्या वर्तुळांतली लोकसंख्या मिळवून येतो. वर्तुळात राहणाऱ्याकडे संच आहे का, तो चालू आहे का, त्यातून शब्द कळतात का, हे प्रश्न त्या बेरजेत कुठेच येत नाहीत.

दारव्ह्याला सर्वांत जवळचे केंद्र आकाशवाणी यवतमाळ, १०२.७ मेगाहर्ट्झ. सरळ रेषेत अंतर ४० किलोमीटरच्या जरा आत. एफएमच्या लहरी बहुतांशी दृष्टीच्या रेषेत जातात, म्हणून मनोरा आणि संच यांच्या उंचीला इथे शक्तीइतकेच महत्त्व. त्याचे साधे गणित आहे : दोन्ही उंचींची मीटरमधली वर्गमुळे मिळवायची आणि बेरजेला ४.१२ ने गुणायचे. उत्तर किलोमीटरमध्ये येते. उदाहरणादाखल ७५ मीटरचा मनोरा धरा. घराच्या छपरावर १० मीटर उंचीवर अँटेना असेल तर हे क्षितिज ४९ किलोमीटरवर जाते, आणि हातात धरलेल्या संचासाठी, म्हणजे दीड मीटरवर, ते ४१ वर येते. दारव्हा नेमके या काठावर आहे. यवतमाळ उंच पठारावर वसल्याचा फायदा मिळतो. मधल्या उंचवट्यामागे एखादे गाव दडले की तोच फायदा हातचा जातो. तालुक्यातल्या लाडखेडला आणि बोरी अरबला एकच मापाचा रेडिओ सारखाच वाजेल, असे म्हणूनच गृहीत धरता येत नाही.

खरी मेख पुढे आहे. एफएमच्या नियोजनासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने क्षेत्रतीव्रतेचे जे किमान आकडे दिले आहेत, ग्रामीण भागासाठी स्टिरिओला ५४ डेसिबल आणि मोनोला ४८, ते जमिनीपासून १० मीटर उंचीवर धरलेले आहेत. म्हणजे नकाशावरचा श्रोता दुमजली-तिमजली छपरावर अँटेना लावून बसलेला असतो. असा श्रोता दारव्हा तालुक्यात मी तरी पाहिलेला नाही. इथला श्रोता धुऱ्यावर बसतो, चक्की चालवतो, बसस्टँडवरच्या टपरीत चहा गाळतो, आणि त्याचा संच कमरेच्या वर क्वचितच जातो. १० मीटरवरून दीड मीटरवर उतरताना सिग्नल साधारण १० डेसिबल पडतो. ही घट भरून काढायची तर मनोऱ्याची शक्ती दसपट करावी लागेल. एक किलोवॅटच्या जागी दहा.

त्यातही संच आता बहुधा मोबाइलच असतो. मोबाइलमध्ये रेडिओ असला तर त्याची अँटेना म्हणजे इअरफोनची वायर. १०२.७ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी २.९२ मीटर, तिचा चतुर्थांश ७३ सेंटिमीटर. वायर बऱ्यापैकी त्या मापात बसते म्हणून ती काम करते. वायर नसलेले इअरफोन आले आणि अँटेना गेली. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने मोबाइल उत्पादकांना सल्लापत्र काढून फोनमधली एफएमची सोय बंद ठेवू नये असे सांगितले. वायरीबद्दल काही सांगणे अर्थातच सरकारच्या हाती नाही.

सिग्नलच्या बाबतीत विदर्भ तसा कधी गरीब नव्हता. १९४८ साली सुरू झालेले नागपूर केंद्र ५८५ किलोहर्ट्झच्या मध्यमलहरीवर जमिनीला लगटून दूरवर जाते. १९८८ साली नागपुरातून १५६६ किलोहर्ट्झवर राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली, ती तर तब्बल एक मेगावॅटची. देश झोपलेला असताना तिने देशभर जायचे होते. तीस वर्षे ती रात्रभर बोलली, प्रामुख्याने हिंदी-इंग्रजीत, आणि २०१९ च्या जानेवारीत बंद झाली. एवढ्या मोठ्या आवाजाचा शेजार लाभूनही विदर्भाच्या तालुक्यांचे त्या वाहिनीत काय होते, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही, कारण नकाशावर ती सर्वत्र 'पोहोचत' होती.

नकाशावर आकाशवाणीची भिस्त, तर खासगी वाहिन्यांची आकड्यावर. या आकड्याची कहाणी थोडक्यात सांगण्यासारखी आहे, कारण ती मुळातच थोडकी आहे. खासगी एफएमच्या श्रोत्यांचे मोजमाप 'रॅम' या नावाने २००७ पासून सुरू झाले, तेही मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि बंगळुरू या चार शहरांत. प्रत्येक शहरात ४८० माणसे निवडायची, त्यांना वही द्यायची आणि कोणत्या वेळी कोणते केंद्र ऐकले ते लिहायला सांगायचे. नागपूर त्यात नाही, अकोला नाही, पुणेसुद्धा नाही. चार शहरांतल्या दोन हजारांहून कमी वह्यांवरून 'लोक काय ऐकतात' हे ठरले आणि तोच साचा नागपूर-अकोल्यात विकला गेला : तीच गाणी, तोच सकाळचा वेगवान निवेदक, तशीच फोनवरची फजिती.

ही वही आणि केंद्राचे नाव यांचा संबंध फारसा लक्षात घेतला जात नाही. वही आठवणीवर भरली जाते. दुपारी रिक्षात दहा मिनिटे जे कानावर पडले ते कोणते केंद्र होते, हे रात्री लिहायचे असते. ज्याचे नाव आठवेल त्याच्या खात्यात ती दहा मिनिटे जमा. म्हणून दर गाण्याच्या आधी आणि नंतर नाव ओरडायचे, नावाला फ्रिक्वेन्सी चिकटवायची, नाव मसाल्याचे किंवा रंगाचे ठेवायचे. मिरची, रेड ही नावे त्या दृष्टीने चोख आहेत. फक्त ती जागेची नावे नाहीत. नागपुरात वाजणारे ९८.३ आणि मुंबईत वाजणारे ९८.३ ही एकच वस्तू आहे हे श्रोत्याला पटवणे, हेच त्या नामकरणाचे काम.

आकाशवाणीची रीत उलटी. तिथे गावाचे नाव हीच ओळख : यवतमाळ केंद्र, अकोला केंद्र, चंद्रपूर केंद्र. मे २०२३ मध्ये प्रसार भारतीने 'ऑल इंडिया रेडिओ' हे इंग्रजी नाव सोडून सर्वत्र 'आकाशवाणी' म्हणायचे ठरवले, तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रांत बरीच चर्चा झाली. मराठी श्रोत्याला त्यात नवे काय ते कळले नसावे. तो पहिल्यापासून आकाशवाणीच म्हणतो. नाव मोठे देखणे आहे, पण पुराणातली आकाशवाणी उत्तराची वाट पाहत नसे. कंसाने ती ऐकली. एवढा नेमका श्रोता पुढे कोणत्याच केंद्राला मिळाला नाही. जिल्ह्याच्या गावाचे नाव लावल्यानेही जिल्हा आत येतोच असे नाही. यवतमाळ केंद्रावरून दारव्ह्याचा आठवडी बाजार, तिथले सोयाबीनचे भाव, नगरपालिकेची पाणीटंचाई किती वेळा ऐकू येते, ही या नावाची खरी परीक्षा आहे. आणि स्थानिक केंद्रांची योजना आखली गेली तीच मुळी अशा मजकुरासाठी. १९८४ साली नागरकोइलला पहिले स्थानिक केंद्र निघाले, त्यामागचा विचार हाच होता.

मग पोच मोजायची कशी? जुना मार्ग पत्रांचा. रेडिओ सिलोनवर १९५२ पासून 'बिनाका गीतमाला' चालायची. तिची क्रमवारी तबकड्यांच्या खपावर आणि श्रोता संघांच्या पत्रांवर ठरे. त्याच पोस्टकार्डांच्या जोरावर झुमरी तलैया हे गाव देशभर माहीत झाले. पत्र ही खरीखुरी पोच होती यात शंका नाही. लिहिणारा ऐकत होता म्हणूनच लिहीत होता. पण दहा जणांनी शंभर कार्डे टाकली तर तो दहा जणांचा उत्साह असतो, शंभर श्रोते नसतात. ज्याला लिहिता येत नाही, किंवा तिकिटाचे पैसे जिच्या हाती नाहीत, ती तर मोजणीच्या बाहेरच.

पत्रांपेक्षा पुष्कळ चांगले मोजमाप महाराष्ट्रात एकदा झाले होते, आणि आपण ते जवळजवळ विसरलो आहोत. फेब्रुवारी ते एप्रिल १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. पाच जिल्हे, सुमारे दीडशे गावे, आठवड्याला दोन याप्रमाणे वीस कार्यक्रम. गावात वीसेक जणांनी एकत्र बसून ऐकायचे, नंतर चर्चा करायची, चर्चेचा अहवाल आणि शंका केंद्राला पाठवायच्या आणि केंद्राने पुढच्या कार्यक्रमांत उत्तरे द्यायची. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूरथ यांनी त्याचे मूल्यमापन केले. त्यांनी तीन प्रकारची गावे तपासली : मंडळ असलेली, नुसता रेडिओ असलेली आणि रेडिओ नसलेली. प्रयोगाच्या आधी आणि नंतर तेच प्रश्न विचारले. मंडळांच्या गावांत शेतीविषयक माहिती स्पष्टपणे वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत वाढ नाममात्र होती. सिग्नल दोन्हीकडे सारखाच जात होता, हे लक्षात घेतले की ९९.१९ या आकड्याचे वजन कळते.

दारव्हा त्या प्रयोगात असणे शक्यच नव्हते. यवतमाळ जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. १९५९ पासून श्रोतृमंडळे देशभर नेण्यात आली; योजना पसरली, तपासणीची ती काटेकोर पद्धत मागे राहिली.

अलीकडचा मार्ग अ‍ॅपचा. प्रसार भारतीने २०२१ मध्ये 'न्यूजऑनएअर' अ‍ॅपवरच्या श्रवणाच्या शहरवार क्रमवाऱ्या प्रसिद्ध केल्या आणि त्यांत पुणे अनेकदा पहिले आले. मराठी माणसाला आनंद व्हावा अशीच गोष्ट. इथे कोण, किती वेळ ऐकतो हे यंत्रच टिपते, वहीही नको आणि पोस्टकार्डही नको. मात्र या क्रमवारीत शहरे असतात, आणि शहरांतही डेटा खर्च करून रेडिओ ऐकणारे. फुकट मिळणारी १०२.७ ऐकणारा माणूस यात कुठेही दिसत नाही.

आमच्याकडच्या श्रवणाचा एक प्रकार तर कोणत्याच वहीत बसणार नाही. रोही आणि रानडुकरे पिकात शिरू नयेत म्हणून रात्री जागल करतात. मचाणाजवळ किंवा काठीला बांधून रेडिओ मोठ्याने लावून ठेवतात. माणसाचा आवाज ऐकून जनावर बिचकते. राखणदार झोपला तरी रेडिओ बोलत राहतो. याला श्रवण म्हणायचे का? रॅमच्या व्याख्येत नाही. पण त्या रात्री रेडिओने ज्या कारणासाठी बोलायचे ते कारण पुरे झालेले असते, आणि गाण्यांपेक्षा बोलण्याचा कार्यक्रम या कामाला बरा पडतो.

हे सगळे आज मांडायचे कारण असे. २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांत ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. मातृभाषेतल्या स्थानिक मजकुराला चालना, हा त्यामागचा जाहीर हेतू. यादीत यवतमाळ आहे, वर्धा, चंद्रपूर, अचलपूर, गोंदियाही आहेत. एक ते तीन लाख वस्तीच्या शहरांसाठी खासगी एफएमच्या धोरणात शक्तीची मर्यादा १ ते ३ किलोवॅट आहे. वर केलेले गणित पुन्हा आठवले तर, या शक्तीवर यवतमाळ शहर चांगले ऐकेल आणि दारव्हा, दिग्रस, पुसद ही गावे नकाशाच्या कडेला किंवा कडेबाहेर जातील. त्यात खासगी वाहिनीला स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा नाही, आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावता येतात, एवढेच. तासाला दहा मिनिटांपर्यंत बातम्यांना परवानगी द्यावी, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०२३ मध्ये केली होती. म्हणजे स्थानिक मजकूर हवा, पण स्थानिक बातमी नको.

अशा वाहिनीचा जाहिरात विभाग उद्या दारव्ह्याच्या बाजारपेठेत येईल तेव्हा त्याच्याजवळ दाखवायला नकाशाच असेल, कारण मोजणी चार महानगरांपलीकडे गेलेलीच नाही. कृषी केंद्राचा मालक नकाशा पाहील आणि सध्या तो काय करतो ते सांगेल. बियाणे आले की तो भोंगा लावलेला ऑटो भाड्याने घेतो, आवाज भरून देतो आणि बाजाराच्या दिवशी गल्लीगल्लीतून फिरवतो. संध्याकाळी दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकाला तो विचारतो, ऑटो ऐकला का? दोन किलोमीटरची पोहोच आणि त्याच दिवशी पोच. या मालकाला रेडिओकडे वळवायचे असेल तर दारव्हा, लाडखेड आणि बोरी अरब इथे दीड मीटर उंचीवर, वायरीच्या इअरफोनने सिग्नल मोजून तो तक्ता त्याच्यापुढे ठेवावा लागेल. एका माणसाचे दोन दिवसांचे काम आहे, आणि आकाशवाणीलाही ते आजच करता येईल.