धार लावण्याची मजुरी

जपानी रंधा नवा आणला की लगेच चालत नाही. पाते नीट बसेपर्यंत ओकचा ठोकळा आतून कोरायचा, त्याचा तळ सरळ करायचा, पात्याची पाठ दगडावर घासायची, मग तो लाकडाला लावायचा. पाते दुहेरी असते. धारेला कडक पोलादाचा पातळ थर आणि त्याला जोडलेले मऊ लोखंड. मऊ भाग दगडावर पटकन झिजतो, म्हणून इतक्या कडक पोलादालाही हाताने धार लावता येते. रंधा आणि करवत दोन्ही अंगाकडे ओढून चालवतात. ओढताना करवतीचे पाते ताणलेले राहते, वाकत नाही; त्यामुळे ते पातळ ठेवता येते आणि भुसा कमी पडतो.

भिगवणच्या पट्ट्यातल्या जुन्या सुताराला यातले बरेचसे सांगावे लागणार नाही. रंध्याचा ठोकळा तोही स्वतःच घडवायचा, पाते लोहाराकडून घ्यायचा, आणि जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून वाकसाने तासायचा. त्याचे खरे कसब दिसे ते बैलगाडीच्या चाकात. बाभळीचे लाकूड मुरवायचे, तुंब्याला पटाशीने भोके पाडायची, त्यांत आऱ्यांची कुसवे ठोकायची, वरून पाटे बसवायचे. शेवटी लोखंडी धाव तापवून चढवायची आणि पाणी ओतायचे, की ती आक्रसून सगळे चाक आवळून धरी. एक कुसू जरी सैल राहिले, तरी ते चाक भरल्या गाडीखाली टिकत नसे.

हे काम हळूहळू संपत गेले. 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि लोखंडी नांगर गावोगाव पोचले. पुढे भवानीनगरच्या कारखान्याला ऊस नेणाऱ्या गाड्यांना रबरी टायर आले, मग ट्रॅक्टर आले. उजनीच्या पाण्याखाली जुनी गावठाणे गेली आणि नवी घरे विटा-सिमेंटची झाली. आज सुताराकडे येते ते प्लायवूड आणि सनमायकाचे काम. त्याला कटर आणि विजेचा रंधा पुरतो. जपानच्या मकिता कंपनीने असा विजेचा रंधा 1958 मध्येच बाजारात आणला होता.

हत्यारे यंत्रांनी मारली, असे म्हणून मोकळे होता येणार नाही. यंत्र जपानमध्येही आहे. तिथल्या लाकडी घरांचे बहुतेक सांधे आता कारखान्यात कापून येतात. करवतीही बहुतांश बदलत्या पात्यांच्या झाल्या. दात बोथट झाले की पाते टाकून द्यायचे. त्यामुळे करवतीला धार लावणारे कारागीर तिथेही दुर्मिळ झाले. तरीही मंदिरे बांधणारा सुतार टिकला, कारण त्याला काम ठरलेले आहे. इसेचे देवस्थान दर 20 वर्षांनी नव्याने बांधतात. मागचे 2013 मध्ये झाले, पुढचे 2033 मध्ये व्हायचे आहे. कोबेला 1984 पासून सुतारी हत्यारांचे संग्रहालय आहे, 2020 मध्ये युनेस्कोने लाकडी वास्तूंच्या या विद्येला वारशाच्या यादीत घेतले. पण माझ्या मते, विद्या जगली ती त्या 20 वर्षांच्या फेऱ्यावर.

धार लावायला वेळ लागतो, आणि त्या वेळेचे पैसे कुणी तरी द्यावे लागतात. बलुत्यात सुताराला वर्षाचे धान्य मिळे. त्यात त्याचा साहणेपुढचा वेळही धरलेला असे. बलुते जातीला बांधलेले होते. ते गेले याचे दुःख करण्याचे कारण नाही. मात्र त्याच्या जागी स्क्वेअर फुटाचा दर आला आणि साहणेपुढे घालवलेला तास सुताराच्या खिशातून जाऊ लागला. अशा हिशेबात शहाणा माणूस पटाशी बाजूलाच ठेवणार.

सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार आहे, नाव बांधणारा आहे, हत्यारे घडवणाराही आहे. हत्यारांसाठी 15,000 रुपये मिळतात, कर्जही मिळते. ही मदत खरी आहे. पण मूळ प्रशिक्षण 5 ते 7 दिवसांचे. तेवढ्यात पटाशीची पाठसुद्धा सपाट करता येऊ लागत नाही. जुने वाडे, गढ्या आणि देवळांचे लाकडी सभामंडप यांच्या दुरुस्तीची कामे या नोंदणीतल्या सुतारांना मिळाली, तर त्या पैशांचे चीज होईल.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे. घरातली जुनी सागवानी चौकट काढून फ्लश डोअर बसवण्याआधी ती गावातल्या म्हाताऱ्या सुताराला दाखवा. दुरुस्ती होण्यासारखी असेल तर त्याच्याकडूनच करून घ्या, आणि मजुरी फुटावर न मोजता रोजावर द्या.