‘कोंडवाडा’ : एका शब्दाचा अर्थविचार

इ. स. १८७१ च्या ‘कॅटल ट्रेसपास’ कायद्याने गुरांच्या व्याख्येत हत्तीपासून करडापर्यंत जनावरे घेतली. पिकाची नासधूस करणारे जनावर धरून २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पाठवावे, मालकाने दंड भरून सोडवावे, एरवी त्याचा लिलाव व्हावा, अशी ही व्यवस्था होय. अन्यायाने धरलेल्या जनावराबद्दल १०० रुपयांपर्यंत भरपाईची तरतूद तीत आहे, हे खरे. तथापि कायद्याचे नावच अपराध जनावराच्या माथी मारते. मराठी शब्द मात्र ‘कोंडणे’ या क्रियापदापासून सिद्ध झाल्याने कोंडणाऱ्याकडे निर्देश करतो. दया पवार यांनी १९७४ साली आपल्या कवितासंग्रहास हेच नाव दिले. त्यास केवळ रूपक मानणे अपुरे ठरेल. शब्दातील मूळ तक्रारच तेथे माणसाच्या मुखी आली आहे.