मागच्या चाकाला डिस्क ब्रेक : एका बक्षीसपात्र प्रकल्पाची तपासणी

औसा तालुक्यातील एका विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून आम्हांला बोलावले होते. आम्ही तिघे परीक्षक होतो आणि प्रकल्प साठाच्या वर. ठिबक सिंचन, भूकंपरोधक घराचा नमुना (किल्लारी याच तालुक्यात असल्यामुळे १९९३ पासून हा नमुना इथल्या प्रदर्शनांत ठरलेलाच आहे), गोबर गॅस, सौर चूल असे नेहमीचे प्रकल्प पाहून होईपर्यंत दुपार उलटली होती. मंडपाच्या टोकाला मात्र मुलांची गर्दी हलत नव्हती. तिथे चक्क एक मोटारसायकल उभी होती. यामाहा आरएक्स १००. भारतात १९८५ साली आलेली आणि १९९६ साली बंद झालेली ही गाडी त्या मुलांच्या जन्माआधीची. पण मराठवाड्यात तिचे कौतुक अजून ओसरलेले नाही.

प्रकल्पाचे नाव होते ‘सुधारित ब्रेक’. नववीतील दोन विद्यार्थ्यांनी, त्यांपैकी एकाच्या थोरल्या भावाच्या गॅरेजमध्ये, या गाडीचे मागचे ड्रम ब्रेकचे चाक काढून त्या जागी भंगारातून आणलेले, डिस्क आणि कॅलिपर असलेले दुसऱ्या गाडीचे चाक बसवले होते. मागे तक्ता होता. तक्त्यावर एका जुन्या मोटार-मासिकातून कापलेले लाल रंगाच्या जपानी स्पोर्ट्स कारचे चित्र, चाकाच्या आऱ्यांतून दिसणारी मोठी तबकडी, आणि खाली दोन आकडे : ताशी ४० किलोमीटर वेगावरून थांबण्याचे अंतर ड्रम ब्रेकने २७ मीटर, डिस्क ब्रेकने १६ मीटर. ‘४१ टक्के घट’ असे लाल खडूने अधोरेखित केलेले.

आम्ही तिघांनी या प्रकल्पाला पहिले बक्षीस दिले. पत्रकावर सही आमचीही आहे. त्यामुळे पुढील टीका विद्यार्थ्यांपेक्षा परीक्षकांवर अधिक आहे, हे आधीच सांगून टाकतो.

परतीच्या वाटेवर, लातूर-तुळजापूर महामार्गावर उसाच्या ट्रॅक्टरमागे आमची जीप रखडली असताना, मनात ते १६ मीटर घोळू लागले. आकडा सहज तपासता येण्याजोगा होता. मग मंडपातच का तपासला नाही? असो. पाकिटाच्या पाठीवर जे गणित मांडले ते असे.

गाडी शेवटी कोण थांबवते? ब्रेक नव्हे. ब्रेक फक्त चाक थांबवतो. गाडी थांबवते ती रस्ता आणि टायर यांच्यामधील घर्षण. हे घर्षण घर्षणांक गुणिले चाकावरील भार याहून जास्त होऊ शकत नाही. ब्रेक कितीही मोठा असला तरी ही मर्यादा त्याला ओलांडता येत नाही. ती ओलांडू पाहिली की चाक जाम होते आणि घसरते. म्हणून ज्या ब्रेकने चाक जाम करता येते, त्या ब्रेकची ताकद अपुरी नाही, हे उघड आहे. आरएक्स १०० चा मागचा ड्रम धड स्थितीत असेल तर चाक सहज जाम करतो. वर्गातील कोणत्याही मुलाने आपल्या गावात त्याची काळी रेघ रस्त्यावर पाहिलेली असते.

आता मागच्या चाकावर भार किती? गाडी स्थिर असताना, स्वारासह, साधारण निम्मा धरू. पण ब्रेक लागताच स्वार पुढे ढकलला जातो, गाडीचे नाक खाली जाते, मागचे चाक हलके होते. गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर उंच आणि दोन चाकांमधील अंतर १२४ सेंटिमीटर धरले, तर मंदन गुरुत्वत्वरणाच्या जितकेपट, त्याच्या सुमारे ०.४८ पट इतका एकूण भाराचा हिस्सा मागून पुढे जातो. घर्षणांक ०.७, म्हणजे चांगल्या कोरड्या डांबरी रस्त्याइतका, घेतला तर फक्त मागच्या ब्रेकने मिळू शकणारे कमाल मंदन गुरुत्वत्वरणाच्या ०.२६ पट निघते. यावरून ताशी ४० किलोमीटरला थांबण्याचे किमान अंतर २४ मीटर येते.

तक्त्यावर होते १६. तेही डांबरावर नव्हे, शाळेच्या मुरुमाच्या मैदानावर. एकट्या मागच्या चाकाने १६ मीटरांत थांबायचे तर घर्षणांक सव्वाच्या आसपास हवा. असा मुरूम औशात तर नाहीच, अन्यत्रही आमच्या पाहण्यात नाही.

म्हणजे डिस्क कितीही उत्तम असो, तो आकडा तिचा असू शकत नव्हता. मग कोणाचा?

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या शाळेच्या विज्ञान शिक्षकांना फोन केला. त्यांनी रागावण्याऐवजी मुलांना बोलावले आणि गाडी चालवणाऱ्या भावालाही. भावाचे उत्तर सरळ होते : “सर, पहिल्या वेळेस नेहमीसारखा मागचाच दाबला. दुसऱ्या वेळेस नवा ब्रेक लागंल का नाही म्हणून भ्या वाटलं, म्हणून दोन्ही दाबले.”

सारे रहस्य एवढ्यात उलगडले. ४१ टक्के घट घडवली होती ती नव्या डिस्कने नव्हे, तर पुढच्या चाकातल्या जुन्या, कोणी हातही न लावलेल्या ड्रम ब्रेकने!

मुलांनी मागच्याच चाकाला डिस्क का लावली, याचे कारणही यातच आहे. ‘पुढचा ब्रेक दाबू नये, गाडी उलटते’ हे वाक्य आपल्याकडे सायकल शिकवतानाच कानावर पडते. त्यामुळे पुष्कळ स्वार आयुष्यभर फक्त पायाचा ब्रेक वापरतात. जो वापरायचा तोच सुधारायचा, हा मुलांचा तर्क चुकीचा नव्हता. ज्या समजुतीवर तो उभा होता ती चुकीची होती. वरच्याच गृहीतांवर हिशोब केला, तर दोन्ही ब्रेक पूर्ण क्षमतेने लावले असता भाराचा ८४ टक्के वाटा पुढच्या चाकावर येतो. ताशी ६० किलोमीटरवरून दोन्ही ब्रेकने २० मीटरांत थांबता येते, केवळ मागच्या ब्रेकने ५४ मीटर लागतात. मधल्या ३४ मीटरांत काय काय येऊ शकते, हे महामार्गावरच्या गावातील शिक्षकांना सांगायला नको. (पुढचा ब्रेक एकदम हिसक्याने, हँडल वळलेले असताना किंवा वाळूवर दाबला तर घात होतो, हे खरे. पण त्यावरचा उपाय तो न दाबणे हा नव्हे, हळूहळू वाढवत दाबायला शिकणे हा आहे.) शासनाने याची दखल घेतलेली आहे. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडील १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना संयुक्त ब्रेक बंधनकारक आहे : मागचा दाबला तरी पुढचाही थोडा लागतो. १२५ सीसीच्या वरील दुचाकींना चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा लागते. स्वाराची समजूत बदलत नाही म्हणून यंत्रच बदलले, असा याचा अर्थ.

आता तक्त्यावरील त्या जपानी मोटारीकडे वळू, कारण प्रेरणा तिथून आली होती. चित्रातील गाडी माझदा एमएक्स-५ होती. १९८९ साली आलेली ही दोन आसनी उघडी मोटार, १.६ लिटरचे इंजिन, वजन साडेनऊशे किलोच्या आसपास, आणि टर्बो नाही. टर्बो म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर फिरणारा, इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप. तो असलेल्या गाडीची शक्ती वाढवणे तुलनेने सोपे असते. नसलेल्या इंजिनातून आणखी शक्ती काढायची म्हणजे खर्च मोठा आणि लाभ थोडा. म्हणून अशा गाडीचे शौकीन शक्तीचा नाद सोडून वजन, टायर, स्प्रिंगा आणि ब्रेक यांच्या मागे लागतात. हा मार्ग शहाणपणाचाच आहे. घोटाळा होतो तो मोठी डिस्क कशासाठी, हे न समजल्याने.

मोठी डिस्क एकदाच थांबण्यासाठी नसते, पुन:पुन्हा थांबण्यासाठी असते. चालकासह १०५० किलोची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून थांबली की सुमारे चार लाख जूल गतिज ऊर्जा उष्णतेत जाते. चार तबकड्यांचे मिळून १६ किलो बिडाचे लोखंड धरले, तर त्यांचे तापमान एका थांब्यात ५५ अंशांनी वाढते. एका थांब्याला हे काहीच नाही. पण शर्यतीच्या मार्गावर दर अर्ध्या मिनिटाने, किंवा लांब घाट उतरताना, तबकडी थंड व्हायच्या आत पुढचा थांबा येतो. उष्णता साचते, पॅडचा घर्षणांक घसरतो. ब्रेकचे तेल हवेतील बाष्प शोषते, आणि ओलावा धरलेले तेल कमी तापमानाला उकळते : डॉट ३ प्रतीचे ताजे तेल २०५ अंशांपर्यंत टिकले पाहिजे, ओलावा धरलेले १४० अंशांपर्यंत. उकळले की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल स्पंजासारखे खाली बसते. पास्कलचा नियम शिकवताना द्रव दाबला जात नाही असे आपण म्हणतो. हे उदाहरण त्याच वेळी द्यावे. मोठी डिस्क म्हणजे उष्णता साठवायला मोठे भांडे. तेही लागण्याआधी ताजे तेल आणि योग्य पॅड पुरतात की नाही हे पाहायचे असते, कारण त्यांचा खर्च फार कमी.

दुसरी गोष्ट समतोलाची. या मोटारीत दोन्ही आसांवर भार जवळजवळ सारखा आहे. पण गुरुत्वमध्य ४५ सेंटिमीटर उंच धरला तर जोरदार ब्रेक लावल्यावर दोन-तृतीयांश भार पुढे जातो. ब्रेकची वाटणी याच हिशोबाने केलेली असते. फक्त पुढचे ब्रेक मोठे केले तर पुढची चाके लवकर जाम होतात आणि मागच्या चाकांची क्षमता वापरायची राहून जाते. अंतर वाढूही शकते. मागचेच मोठे केले तर मागची चाके आधी जाम होतात आणि गाडी गरकन फिरते. याच मोटारीत १९९४ सालच्या मॉडेलपासून १.८ लिटरचे इंजिन आले, तेव्हा कारखान्याने पुढील तबकड्या सुमारे २३५ मिलिमीटरवरून २५५ मिलिमीटरच्या आसपास नेल्या, आणि त्याबरोबर मागच्याही वाढवल्या. चित्रात एकच चाक दिसत होते, त्यामुळे मुलांना हे कळणे शक्य नव्हते. परीक्षकांना कळायला हवे होते.

आणखी एका गोष्टीबद्दल आम्हांला खंत वाटते. कॅलिपर धरून ठेवणारी पट्टी भावाने स्विंगआर्मला वेल्डिंग करून बसवली होती. मागचे चाक कमाल मंदनाने थांबताना या पट्टीवर साधारण १३० किलो वजनाइतके बळ येते, तेही दर वेळी. ती तुटली तर कॅलिपर आऱ्यांत जाऊन चाक क्षणात जाम होईल. आम्ही पट्टीकडे पाहिलेसुद्धा नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत असे बदल करून वाहन रस्त्यावर आणता येत नाही, हेही मुलांना कोणी सांगितले नव्हते.

आमच्या हातातील गुणपत्रकात ‘मांडणी’, ‘कल्पकता’, ‘सामाजिक उपयोग’, ‘सादरीकरण’ असे रकाने होते. ‘वाचने किती वेळा घेतली?’ असा एकही नव्हता. प्रत्येक ब्रेकसाठी एकच वाचन, वेगही तीस वर्षांच्या जुन्या मीटरवर पाहिलेला. अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ४० ऐवजी ४५ असेल तर अंतर २७ टक्क्यांनी वाढते. पण एवढे विचारण्याची सवय मुलांना कुठून लागणार? गतीच्या धड्याखालील उदाहरणांत ‘ब्रेक लावल्यामुळे गाडीचे मंदन इतके’ असे छापलेलेच असते. ते मंदन कोठून आले, त्याहून जास्त का नाही, गाडीचे वस्तुमान हिशोबातून का उडून जाते, हे प्रश्न उदाहरणाच्या बाहेरच राहतात. उत्तर मागच्या पानावर जुळले की संपले.

शिक्षकांनी पुढे जे केले ते नोंदवले पाहिजे. मैदानावर चुन्याची रेघ मारली. हेल्मेट घातलेला, परवाना असलेला तोच भाऊ चालक. आधी डिस्क, फक्त मागचा ब्रेक, पाच वेळा : २५, २८, २६, ३०, २७ मीटर. तीन वेळा चाक जाम होऊन शेपूट बाजूला गेले. मग जुने ड्रमचे चाक परत बसवून, दोन्ही ब्रेक, पाच वेळा : १५, १७, १६, १५, १८ मीटर. सरासरी २७.२ आणि १६.२. पहिल्या तक्त्यातले आकडेच जवळजवळ परत आले. फक्त त्यांच्यापुढची नावे बदलली.

मुलांना आता रस्त्याचे मोजायचे आहे. उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातली काळी माती महामार्गावर येते आणि एखादी अवकाळी सर आली की डांबरावर तिचा लोण्यासारखा थर होतो. घर्षणांक ०.३ धरला तर ताशी ६० किलोमीटरला दोन्ही ब्रेकनेही ४७ मीटर लागतील. हा प्रयोग गाडीने करू नका, टायरचा तुकडा, वजन आणि स्प्रिंगकाटा घेऊन फळीवर करा, असे आम्ही कळवले आहे.

बक्षिसाची ढाल शाळेच्या कार्यालयात आहे; ती परत मागण्याचे धैर्य आम्हां तिघांत नव्हते. तक्ता मुलांनी नवा केला. प्रकल्पाचे नाव ‘पुढचा ब्रेक’ असे आहे, आणि जपानी मोटारीचे चित्र पूर्वीच्याच जागी चिकटवलेले आहे.