आवाजाचा हक्क आणि कीर्तीची अट : ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील गायक-वादकांच्या संदर्भात

जनरेटिव्ह कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे कोणाही गायकाचा आवाज यंत्राद्वारे उभा करणे शक्य झाले आणि आवाजावरील हक्काचा प्रश्न न्यायालयापुढे आला. मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंग यांच्या दाव्यात जुलै २०२४ मध्ये आणि आशा भोसले यांच्या दाव्यात सप्टेंबर २०२५ मध्ये अंतरिम दिलासा दिला. संमतीवाचून ख्यातनाम व्यक्तीचा आवाज निर्माण करणारी साधने उपलब्ध करून देणे हा तिच्या व्यक्तिमत्त्व-हक्काचा भंग होय, ही भूमिका स्वागतार्ह आहे. तथापि या संरक्षणाची व्याप्ती तपासणे आवश्यक ठरते.

या विचारसरणीत ‘ख्यातनाम’ हा शब्द कळीचा आहे. वादी प्रसिद्ध आहे आणि आवाजावरून ओळखला जातो, या आधारावर दिलासा मिळतो. ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरात दिवाळी पहाट, गणेशोत्सव आणि वाद्यवृंद यांवर उपजीविका करणाऱ्या गायक-वादकांस हा आधार क्वचितच लाभेल. शिवाय त्यांच्या बाबतीत आवाजाची नक्कल व्हावीच लागत नाही. एखाद्या मंडळाचे गीत, दुकानाची जाहिरातधून किंवा कार्यक्रमाची ध्वनिफीत यंत्राकडून तयार करून घेतली, तर गायक, तबलजी आणि संयोजक या तिघांचेही काम जाते. त्याविरुद्ध व्यक्तिमत्त्व-हक्क निरुपयोगी आहे.

याउलट प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ कीर्तीची अट घालत नाही. त्यातील सादरकर्त्याच्या व्याख्येत गायक-वादकांबरोबर डोंबारी, जादूगार आणि गारुडीही येतात. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ३८-अ अन्वये सादरीकरणाचे ध्वनिमुद्रण व त्याची इलेक्ट्रॉनिक साठवण यांवर सादरकर्त्यास अनन्य हक्क आहे, तर कलम ३८-ब त्यास नावाच्या उल्लेखाचा आणि विकृतीकरणास हरकत घेण्याचा हक्क देते. कलम ३८ नुसार या हक्काची मुदत पन्नास वर्षे आहे. मात्र शैलीचे अनुकरण या कलमांच्या कक्षेबाहेर राहते, ही त्यांची मर्यादा मान्य करावी लागते.

दुसरी अडचण व्यवहाराची आहे. तोंडी ठरलेली सुपारी आणि रोख बिदागी यांत कोणी वाजविले व कशासाठी संमती दिली, याचा पुरावा उरत नाही. केंद्रीय उद्योग विभागाच्या समितीने डिसेंबर २०२५ मधील कार्यपत्रात यंत्र-प्रशिक्षणासाठी सक्तीचा परवाना आणि एका केंद्रीय संस्थेमार्फत स्वामित्वधनाचे वाटप सुचविले आहे. असे वाटप नोंदीवरच चालणार; अनाम साथीदाराचा वाटा कागदावर सिद्ध करणे दुरापास्त होईल.

म्हणून उपाय स्थानिक पातळीवर सुरू व्हावयास हवा. गडकरी रंगायतन, आचार्य अत्रे रंगमंदिर व सावित्रीबाई फुले कलामंदिर ही सभागृहे महानगरपालिकांची आहेत. ती भाड्याने देताना सर्व कलावंतांची नामावली आणि ध्वनिमुद्रणाच्या वापराची लेखी संमती यांची अट घालता येईल. महाविद्यालयांनीही स्नेहसंमेलने व युवक महोत्सवांच्या ध्वनिमुद्रणास हाच नियम लावणे उचित होय. यामुळे गेलेले काम परत मिळणार नाही. परंतु कीर्ती नसलेल्या कलावंतास आपला कायदेशीर हक्क मांडण्यापुरता पुरावा हाती राहील.