झुंजारला चेहरा कोण देणार?

निपाणी म्हटलं की सीमाभागाबाहेरच्या मराठी माणसाला हमखास दोन गोष्टी आठवतात: तंबाखू आणि लखोबा लोखंडे. आचार्य अत्र्यांचं ‘तो मी नव्हेच’ १९६२ साली रंगभूमीवर आलं. बायकांना फसवत हिंडणाऱ्या माधव काझीचा खराखुरा खटला त्यामागे होता. फिरता रंगमंच एक फेरा घेई तेवढ्यात प्रभाकर पणशीकर दागिने, दाढी, टोपी, बोलण्याची ढब सगळं बदलून दुसऱ्याच माणसाच्या रूपात उभे राहत. अशा पाच भूमिका. प्रेक्षकाला गुन्हेगार पहिल्यापासून ठाऊक असतो, तरी तो निसटतो कसा हे पाहायला तो शेवटपर्यंत खिळून बसतो. नाटकात गुप्तहेर नाही, मूळ कादंबरीही नाही. पण रहस्याच्या मालाला मराठीत इतका पक्का चेहरा दुसऱ्या कुणी क्वचितच दिला असेल. बेळगावच्या अनगोळातल्या चार पिढ्यांपैकी कुणालाही विचारा, लखोबा म्हटल्यावर पणशीकरच डोळ्यांसमोर येतात.

आता त्याच माणसाला झुंजार कसा दिसतो ते विचारा.

बाबुराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि त्याचा छोटू ही त्यांच्या पात्रांची नावं एका काळी घराघरात होती. गुरुनाथ नाईकांच्या कादंबऱ्यांचा आकडाही हजारावर जातो. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. अशा वाचनालयांच्या आणि गल्लीतल्या भाड्याच्या लायब्ऱ्यांच्या जिवावरच हे साहित्य गावोगाव फिरलं. पुस्तकाचा पुठ्ठा सुटेपर्यंत, शेवटचं पान गहाळ होईपर्यंत. (रहस्यकथेचं नेमकं शेवटचंच पान का गहाळ होतं, हे रहस्य धनंजयलाही उलगडलं नसतं.) एवढा वाचक असूनही यातला एकही नायक पडद्यावर पाय रोवून उभा राहिला नाही. नावं उरली, चेहरे मुखपृष्ठांवरच राहिले.

याला अपवाद एकच, आणि तोही पोरसवदा: भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा, सायकलवर भन्नाट सुटणारा हा किडकिडीत पोरगा आधी दूरदर्शनवर सुमीत राघवनच्या रूपात आला आणि २०१७ साली आदित्य सरपोतदारच्या चित्रपटात अमेय वाघ झाला. या चित्रपटातला सगळ्यात शहाणा निर्णय म्हणजे फेणेला मोठा करणं. तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला पुण्यात येतो आणि एका विद्यार्थ्याच्या मृत्यूमागचा परीक्षांचा धंदा उकरून काढतो. जुन्या पुस्तकांतलं निरागस पुणं उभं करण्याचा मोह टाळल्यामुळे कथेला धार आली. खुद्द भागवतांना पात्र करून दिलीप प्रभावळकरांना ती भूमिका देणं मात्र स्मरणरंजनाला दिलेली सूट वाटते. गोड आहे, पण कथा तिथे जरा थबकते. गिरीश कुलकर्णींचा आप्पा पडद्यावर आला की पुन्हा वेग पकडते. चित्रपट चालला, कौतुकही झालं. पण फेणेच्या पुस्तकांची लांबलचक रांग हाताशी असताना मोठ्या पडद्यावरचा फेणे एकाच तपासावर थांबला.

बाकीच्यांची कथा आणखी चमत्कारिक. सुहास शिरवळकरांनी फिरोज इराणी, दारा बुलंद, मंदार पटवर्धन, अमर विश्वास असे नायक उभे केले. पण २०१३ साली चित्रपटगृहांत गर्दी खेचली ती त्यांच्या ‘दुनियादारी’ने, म्हणजे कॉलेजच्या कट्ट्यावरच्या कादंबरीने. नारायण धारपांच्या गूढकथेचं बीज राही अनिल बर्वेच्या ‘तुंबाड’मध्ये रुजलं. नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीतल्या गावाचं, भाषा हिंदी. २०२४ साली हा चित्रपट पुन्हा लागला तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. म्हणजे या मालाला गिऱ्हाईक आहे. मराठीत मात्र धारपांच्या वाट्याला ‘ग्रहण’सारखी एखादी मालिका येते.

इथे बंगालकडे पाहिल्यावाचून राहवत नाही. सत्यजित राय यांनी १९७४ साली फेलूदा या आपल्याच गुप्तहेराला ‘सोनार केल्ला’ चित्रपटात जैसलमेरला नेलं, आणि त्यानंतर बंगाली प्रवाशांची तिकडे रीघ लागली. ब्योमकेश बक्षी १९९३ साली दूरदर्शनवर रजित कपूरच्या रूपात बेळगावच्या घरांतही पोचला. ब्योमकेशचे जनक शरदिंदू बंद्योपाध्याय १९५२ पासून पुण्यात राहत होते. आपल्या अंगणात बसून एक माणूस देशभर गाजणारा गुप्तहेर लिहीत होता.

मग आपल्या नायकांच्या नावाने आजच्या बाजाराला लागणारे कप, टी-शर्ट, पोस्टर का नाहीत? पुस्तकातलं पात्र थेट कपावर जात नाही, आधी त्याला कुणीतरी घडवावं लागतं. शेरलॉक होम्सची ती ओळखीची टोपी सिडनी पॅजेटच्या चित्रांतून आली, वाकडा पाइप विल्यम जिलेट या नटाने रूढ केला. मराठीकडे निदान पॅजेटच्या तोडीचा माणूस होता: रघुवीर मुळगावकर. त्यांनी अर्नाळकरांच्या पुस्तकांसाठी केलेली मुखपृष्ठं म्हणजे तयार पोस्टरंच आहेत. कुणी ती नीट छापून विकली तर निपाणीच्या बसस्टँडवरही खपतील. त्याऐवजी नव्या आवृत्त्यांवर बरेचदा संगणकावर जुळवलेली सावली, पिस्तूल आणि रक्ताचा शिंतोडा दिसतो. त्यात झुंजार कुठे आणि कुणी दुसरा कुठे, काही कळत नाही.

सीमेपलीकडच्या भाषेचंही फार वेगळं नाही. कन्नडमध्ये एन. नरसिंहय्यांचा पत्तेदार पुरुषोत्तम हा गुप्तहेर असाच शेकडो कादंबऱ्यांच्या लोंढ्यातला. हलका माल म्हणून दोन्ही भाषांतल्या समीक्षेने अशा कादंबऱ्यांकडे पाठ फिरवली.

अलीकडे ऑडिओबुकांमुळे शिरवळकर आणि धारप पुन्हा कानांवर पडू लागले आहेत, आणि वाचकासारखंच ऐकणाऱ्यालाही नायकाचं चित्र मनातच रंगवावं लागतं, हे एक बरं. पडद्यासाठी खरं तर अर्नाळकरच सोयीचे. पुस्तक एका बैठकीत संपतं, म्हणजे एक पुस्तक, एक भाग. स्वातंत्र्याच्या आसपासची मुंबई उभी करायला खर्च येईल. पण ट्राम, धुकं, गिरगावातली चाळ आणि एक चांगला नट, एवढ्यावरही सुरुवात होऊ शकते. आधी मात्र हजार पुस्तकांतून पहिली दहा निवडणारा, आणि त्यातला शिळा मजकूर निर्दयपणे कापणारा संपादक लागेल.