कागदावर न उतरलेले वाक्य

राजीव गांधी हत्येच्या खटल्यात ए. जी. पेरारिवालन यांना फाशी सुनावली गेली, ती मुख्यतः त्यांच्या कबुलीजबाबाच्या आधारावर. 1991च्या जूनमध्ये चेन्नईतल्या पेरियार तिडलमधून पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतले तेव्हा ते 19 वर्षांचे होते. नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या त्यांनी आणून दिल्या आणि त्याच बॉम्बला जोडल्या गेल्या, असा आरोप होता. हा जबाब नोंदवणारे सीबीआयचे अधीक्षक व्ही. त्यागराजन निवृत्तीनंतर, 2013मध्ये, ‘उयिर्वली’ या माहितीपटाच्या कॅमेऱ्यासमोर बसले. बॅटऱ्या कशासाठी हव्यात हे आपल्याला माहीत नव्हते, असेही हा मुलगा तेव्हा बोलला होता आणि ते आपण लिहून घेतले नाही, असे त्यांनी सांगितले. पुढे सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्रावरही ते हेच म्हणाले.

यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट, ज्याखाली हा जबाब घेतला गेला त्या टाडा या दहशतवादविरोधी कायद्याच्या 15व्या कलमात आहे. आरोपीचा जबाब लिहून घ्यावा किंवा कॅसेट, टेप अशा साधनावर मुद्रित करावा, असे दोन्ही मार्ग त्या कलमाने दिले होते. कॅसेटचा उल्लेख थेट कायद्यात होता. टेप फिरली असती तर ते एक वाक्य न्यायाधीशांच्या कानावर पडले असते. 1999मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाडाखालचे गुन्हे सिद्ध होत नाहीत असे ठरवले, पण जबाब मात्र पुरावा म्हणून कायम राहिला. 2014मध्ये फाशी रद्द झाली. सुटका झाली ती 18 मे 2022 रोजी. महाराष्ट्राच्या मोक्का कायद्याच्या 18व्या कलमातही कॅसेटचा हाच पर्याय आहे, तेव्हा ही केवळ तामिळनाडूची गोष्ट समजू नये.

माणूस जे बोलला ते आणि त्याच्या नावावर जे लिहिले गेले ते, यांत किती अंतर पडते हे या प्रकरणाइतके स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसते. म्हणूनच सामाजिक न्यायासाठी आणि कैद्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्यांचे आवाज जतन करण्याच्या कामाकडे मी एक कला म्हणून पाहतो. आज या कलेकडे साधने भरपूर आहेत. प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर आहे. या कलेत उणीव आहे ती ऐकण्याची.

अर्पुतम्माळ यांचेच पाहा. पेरारिवालन यांच्या या आईने मुलासाठी 31 वर्षे तुरुंगांच्या, कोर्टांच्या आणि मंत्रालयांच्या पायऱ्या झिजवल्या. तामिळनाडूत त्यांना ओळखत नाही असा राजकीय कार्यकर्ता विरळा. त्यांची भाषणे, मुलाखती, बाईट उदंड मिळतात. परंतु मुलाखत घेणाऱ्याला त्यांच्याकडून बहुतेक वेळा एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे आईचे दुःख. प्रश्न तिथेच सुरू होतात आणि डोळ्यांत पाणी आले की संपतात. दया-याचिका कुठे अडून राहते, पॅरोलसाठी काय काय लागते, तुरुंगातल्या भेटीच्या वेळेला काचेपलीकडच्या माणसाशी काय बोलता येते आणि काय नाही, हे या बाईंना कोणाही वकिलाइतके ठाऊक असणार. ते ज्ञान काढून घेणारा प्रश्नकर्ता क्वचित भेटतो. कैद्याच्या नातेवाईक स्त्रीला साक्षीदार न मानता केवळ शोकमूर्ती मानणे हा या कलेचा मोठा दोष आहे, आणि तो आपल्याकडेही आहे.

दुसरा दोष एकांगीपणाचा. श्रीपेरुम्बुदूरच्या स्फोटात राजीव गांधींबरोबर इतरही माणसे मेली. त्यांच्या घरच्यांनाही सांगायचे आहे. कैद्याच्या हक्काची बाजू घेणाऱ्याने तेही आवाज त्याच आस्थेने मुद्रित करावेत. त्याने आपली बाजू लंगडी पडत नाही.

आवाज काय देऊ शकतो, याचा नमुना पाहायचा तर चेन्नईतच थोडे मागे जावे लागते. 19 डिसेंबर 1973 रोजी द्रविड चळवळीचे नेते पेरियार त्यागरायनगरात बोलले. वय 94. त्यानंतर पाचच दिवसांनी ते गेले. हे शेवटचे भाषण मुद्रित झालेले आहे. छापील पुस्तिकेत त्यातला जातिअंताचा विचार मिळतो. ध्वनिमुद्रणात मध्येच वेदना असह्य होऊन त्यांचे कण्हणे ऐकू येते, आणि मग तोच मुद्दा पुढे सुरू होतो. तमिळ कळत नसले तरी हे कळते. संपादकाने कण्हणे कापून भाषण ‘स्वच्छ’ केले असते तर आपल्याकडे फक्त मजकूर उरला असता.

याच शहरातला आवाजांचा एक मोठा साठा मात्र हातून गेल्यासारखा आहे. आणीबाणीत मद्रास मध्यवर्ती कारागृहात राजकीय कैद्यांना बेदम मारहाण झाली. खासदार राहिलेले चिट्टीबाबू त्यानंतर दगावले. न्या. एम. एम. इस्माईल आयोगापुढे साक्षी झाल्या आणि अहवालही निघाला. पण आपल्याला त्या साक्षी भेटतात त्या अहवालाच्या सरकारी भाषेत. 2006मध्ये कैदी पुळल येथे हलवले गेले आणि पुढे जुनी इमारत पाडली गेली. भिंती गेल्या, त्या कैद्यांतलेही अनेक जण गेले.

आता चित्रपटाकडे. 2021चा ‘जय भीम’ महाराष्ट्रात घराघरांत पाहिला गेला. त्यामागे 1993मधील राजाकण्णू यांच्या पोलीस कोठडीतील मृत्यूचे प्रकरण आहे, आणि ते मद्रास उच्च न्यायालयात लढवणारे के. चंद्रू पुढे त्याच न्यायालयाचे न्यायाधीश झाले. चित्रपटाने समाजाचे नाव बदलले. राजाकण्णू कुरवर होते, पडद्यावर ते इरुळर झाले. चित्रपट गाजल्यावर राजाकण्णूंच्या पत्नीच्या दाराशी कॅमेरे पोहोचले. त्याआधी जवळजवळ तीन दशके त्यांना काय विचारले गेले होते? नटीने उच्चारलेले संवाद लाखो लोकांना पाठ आहेत, खुद्द त्या बाईंचा आवाज फार थोड्यांनी ऐकलेला आहे. चित्रपट चांगला आहे, असे माझे मत आहेच. पण त्याला दस्तऐवज समजणे चूक.

गाण्याची बाजू अधिक जोमदार वाटते. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतला गाना हा गायनप्रकार घेऊन चित्रपट-दिग्दर्शक पा. रंजित आणि संगीतकार तेन्मा यांनी ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा बँड उभा केला. जानेवारी 2018मध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. आरक्षण, गोमांस, कोठडीतली मारहाण हे विषय थेट गाण्यात आले. गाना ही पुरुषांची मिरासदारी मानली जात असताना इसैवाणीसारखी गायिका तिथे उभी राहिली. स्टुडिओच्या सफाईने गान्याचा खरखरीत पोत थोडा हरवतो, ही तक्रार मला रास्त वाटते. तरीही या मंडळींनी आवाज वस्तीतल्याच माणसाचा ठेवला.

आपल्याकडे याच जातीचे काम आनंद पटवर्धन यांनी केले. त्यांच्या 1985च्या ‘हमारा शहर’मध्ये शाहीर विलास घोगरे गातात. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात 10 जण मेले आणि त्यानंतर काही दिवसांतच घोगऱ्यांनी गळफास घेतला. पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट तिथून सुरू होतो. तो पुरा व्हायला 14 वर्षे लागली. या चित्रपटात गाणी तुकड्यांनी येत नाहीत, गाणाऱ्याला दम घ्यायला वेळ मिळतो. मराठी शाहिरीचा इतका आवाज एका दिग्दर्शकाच्या चिकाटीवर टिकला, याचा अभिमान वाटावा तेवढीच चिंताही वाटावी.

आणि स्टॅन स्वामी. तिरुचिरापल्ली जिल्ह्यात जन्मलेल्या या पाद्र्याने झारखंडमध्ये खटल्याविना कुजणाऱ्या आदिवासी कच्च्या कैद्यांसाठी काम केले. 8 ऑक्टोबर 2020 रोजी रांचीत अटक होण्यापूर्वी त्यांनी आपले म्हणणे व्हिडिओवर मुद्रित करून ठेवले. ते म्हणणे आज त्यांच्याच आवाजात ऐकता येते ते त्यांच्या या दूरदृष्टीमुळे. 21 मे 2021 रोजी तळोजा तुरुंगातून व्हिडिओद्वारे ते मुंबई उच्च न्यायालयाशी बोलले. तुरुंगात येताना आपण चालते-बोलते होतो, आता खाण्यालाही आधार लागतो, रुग्णालय नको, रांचीला आपल्या माणसांत जाऊ द्या, असा त्याचा आशय होता. 5 जुलैला ते वारले. ते निवेदन आपल्यापर्यंत बातमीदारांनी टिपून घेतलेल्या शब्दांत पोहोचले आहे. त्यांच्या श्वासाची धाप त्यात नाही, आणि जामिनाच्या अर्जात ढासळलेली प्रकृती हीच मुख्य गोष्ट होती.

तुरुंगाआतला आवाज बाहेर यायला सत्ता सगळीकडेच घाबरते. फाशीच्या कोठडीतून पत्रकार मुमिया अबू-जमाल यांनी मुद्रित केलेली भाष्ये अमेरिकेच्या नॅशनल पब्लिक रेडिओने 1994मध्ये प्रसारणाच्या तोंडावर रद्द केली होती. आपल्याकडे आग्र्याच्या कारागृहात 2019पासून कैद्यांचा रेडिओ आहे. उपक्रम स्तुत्य आहे. परंतु अधीक्षकाच्या परवानगीने बोलणारा कैदी मारहाणीबद्दल बोलणार नाही, हे ध्यानात ठेवूनच तो ऐकावा.

चेन्नईत रोजा मुथय्या संशोधन ग्रंथालय आहे. कोट्टैयूरच्या एका पुस्तकवेड्या माणसाच्या खासगी संग्रहातून ते 1994मध्ये उभे राहिले. छापील तमिळसाठी जे झाले ते चळवळींच्या मराठी आवाजासाठी एखाद्या विद्यापीठाने करायला हवे. न कापलेली मूळ मुद्रणे तिथे ठेवावीत, आणि बोलणाऱ्याच्या जिवाला धोका असेल तर ठरावीक वर्षे बंद ठेवावीत.

तोवर हे काम तुमचे-माझे आहे. घरात सभेची, जलशाची, मोर्चातल्या भाषणाची किंवा तुरुंगातून सुटून आलेल्या नातेवाइकाच्या बोलण्याची कॅसेट असेल, तर ती याच महिन्यात डिजिटल करून घ्या. कोण बोलते आहे, कुठे, कोणत्या तारखेला, हे सुरुवातीला स्वतःच्या आवाजात सांगा. खोकला, थांबणे, मागून येणारा कुकरचा आवाज, काहीही कापू नका. एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा.