‘मॉन्सून वेडिंग’: तेज गेला, आलियाचं काय?

मीरा नायर यांचा ‘मॉन्सून वेडिंग’ 2001 सालचा. व्हेनिसला त्याला सुवर्णसिंह मिळाला. लोकांना त्यातलं लग्न आठवतं, झेंडूची फुलं, पाऊस, नाच. आज आपण त्यातल्या दोघींकडे पाहू. रिया आणि छोटी आलिया.

तेज हा ललित वर्माचा मेव्हणा. पैसेवाला, अडीनडीला धावून येणारा. त्यानं लहानपणी रियाचा लैंगिक छळ केलेला असतो. आता तो आलियाला गाडीतून फिरायला नेतो आहे हे दिसतं, तेव्हा रिया गाडी अडवते आणि सगळं बोलून टाकते.

चित्रपटाचं बळ इथं आहे, असं आम्हाला वाटतं. ललित लगेच पुतणीच्या बाजूनं उभा राहत नाही. तेजचे उपकार आहेत, नातं आहे, दारात मांडव आहे. घरं गप्प का बसतात, याचं इतकं प्रामाणिक उत्तर आपल्या पडद्यावर क्वचितच दिसतं. शेवटी दिवंगत भावाच्या तसबिरीसमोर ललित तेजला जायला सांगतो. नसीरुद्दीन शाह यांनी तो प्रसंग आवाज न चढवता केलाय. छळ सोसलेल्या माणसाला सावरायला पहिली गरज असते ती हीच, घरच्यांनी विश्वास ठेवण्याची.

पण मग पाऊस येतो, सगळे नाचतात. रियाला निदान मोकळं झाल्यासारखं वाटतं. आलिया मात्र कथेच्या कडेला सरकते. तिला काय कळलं, ती घाबरली आहे का, स्वतःलाच दोष देते आहे का, याकडे कॅमेरा वळत नाही. गुन्हेगाराला घालवलं की जखम भरली, असा समज प्रेक्षक घरी घेऊन जातो. आमचा आक्षेप त्यावर आहे.

तेव्हा पॉक्सो कायदा नव्हता, तो 2012 मध्ये आला. आज ललितला तेजला नुसतं घालवून भागणार नाही, पोलिसांना कळवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. कायदा म्हणतो, जबाब मुलाच्या घरी घेता येतो, पोलीस गणवेशात नकोत, कोर्टात मुलाला आरोपीसमोर उभं करू नये. 2020 च्या नियमांनुसार बाल कल्याण समिती कुटुंबाला सहायक व्यक्ती देऊ शकते. ती तपासणीला, जबाबाला, कोर्टात सोबत असते, खटला कुठवर आला ते सांगते. महाराष्ट्रात मनोधैर्य योजनेतून आर्थिक मदत आणि समुपदेशनही मिळू शकतं.

म्हणजे कागदावर वाट आहे. पण त्या वाटेनं चालताना घर कसं दिसतं? कमावता माणूसच आरोपी असेल, तर भाडं कोण भरणार? आजी पोरीलाच बोल लावत असेल, तर तिला कोण समजावणार? ती गोष्ट ‘मॉन्सून वेडिंग’नं सांगितली नाही. त्यानं दार उघडलं, हे मोठंच काम. आत जाणारा चित्रपट कुणीतरी करायला हवा.